सदर सभागृहात खडक आढळून आला नाही

सव्वीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानातला काटा खरा की खोटा ते तपासायचं, खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर जप्त करायचा, एवढंच माझं काम. या नोकरीत माणसाला मित्र मिळत नाहीत, पण एक सवय मात्र लागते. कोणी म्हणालं की अमुक वस्तू तमुक वस्तूपेक्षा भारी आहे, की हात आपोआप पिशवीतल्या मापाकडे जातो. जे काही झालं ते या सवयीमुळे झालं. संगीतामुळे नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्या इमारतीतली माणसं अजूनही सगळं खापर संगीतावर फोडतात.

माझे साडू दातांचे डॉक्टर आहेत. दर रविवारी दुपारी आम्ही आळीपाळीने एकमेकांकडे जेवायला जात असू. जेवणं झाली की दोघी बहिणी आत बोलत बसत आणि आम्ही दोघं बाहेर प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत बसत असू. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एकेक गाणं अठरा मिनिटं चालतं, मधे चारदा संपल्यासारखं वाटतं आणि संपत नाही. साध्या चारच्या ठेक्यावर वाजवणं यात कमीपणाचं समजतात. वादक सात, अकरा, तेरा असं मोजत राहतात आणि ऐकणारा आपली मान नेमकी कुठे हलवावी या विवंचनेत असतो. सांगायचा मुद्दा, यातले वादक फार तयारीचे असतात. किती तयारीचे, इथेच घोडं अडलं.

त्या रविवारी डॉक्टरांनी रेकॉर्डवरची सुई उचलली आणि दाढ उपटल्यावर रुग्णाला दाखवतात तशा समाधानाने माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “जगातले सगळ्यात कसबी वादक कुठल्या बँडमध्ये असतील, तर ते या तिघांत. रश!”

मी म्हणालो, “येस.”

“बघा, पटलं ना?”

“पटलं कुठे? मी म्हणतोय येस.”

“तेच मी म्हणतोय. पटलं.”

“अहो डॉक्टर, बँडचं नाव! येस नावाचा बँड!”

यात दहा मिनिटं गेली. डॉक्टरांना माझं म्हणणं पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, असा माझा आजही संशय आहे. पुढे मुद्द्याला मुद्दा लागत गेला. मी म्हणालो, पाच माणसांनी एकमेकांच्या पायात न अडखळता धावणं हे तिघांच्या धावण्यापेक्षा अवघड. ते म्हणाले, तिघांनी पाचांचं काम करणं हे त्याहून अवघड. असं चाललं असताना त्यांनी मला सांगितलं, “तुमच्या कामात नुसता काटा बघायचा असतो. कान लागत नाहीत.”

मी शांतपणे म्हणालो, “तुमच्या कामात समोरचा तोंड उघडून गप्प बसलेला असतो. त्यामुळे आपलं म्हणणं त्याला पटतंय असा तुमचा समज होतो.”

त्यानंतर रविवारची जेवणं बंद झाली.

आम्हा दोघांचं ठीक होतं. पण दोघी सख्ख्या बहिणी. लहानपणी एकाच पांघरुणात झोपलेल्या. ही मला म्हणाली, “तुमचा अबोला असताना आम्ही कुठल्या तोंडाने येणं-जाणं ठेवायचं?” आणि पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मला फार वाईट वाटलं. दोन बहिणींची ताटातूट आपल्यामुळे व्हावी, हे काही बरं नाही. ती मिटवायची तर एकच मार्ग होता: माझं म्हणणं बरोबर असल्याचं निर्विवादपणे सिद्ध करणं. माफी मागणं हाही एक मार्ग होता असं नंतर मला अनेकांनी सुचवलं, पण तेव्हा तो कोणी सुचवला नव्हता.

मी कार्यालयात वापरतो तसा तक्ता आखला. वेग, अचूकता, ठेक्याचा अवघडपणा, सहवादकाशी जमणं, विनाकारण थांबणं. एका मिनिटात किती सूर वाजतात हे मोजण्यासाठी एकच तुकडा मी चाळीस-चाळीस वेळा ऐकू लागलो. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

“तुमच्याकडे कोणी जिन्यावरून भांडी घेऊन पडतंय का?”

“नाही काकू. ते ड्रम्स आहेत.”

“असतील. पण दर खेपेला सात भांडी पडतात. आठवं पडेल म्हणून मी श्वास धरून बसते, ते पडतच नाही. मला धाप लागायला लागलीय हो.”

सातचा ठेका माझ्या डॉक्टर साडूंना समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली होती. काकूंनी तो छतातून ओळखला. मी तशी नोंद करून ठेवली.

बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले, कानात थेंब टाकून बघा, कधीकधी दोन्ही कानांना वेगळं ऐकू येतं. समोरच्या वकीलबाईंनी सांगितलं, डॉक्टरांकडून आधी लेखी घ्या. सगळ्यात घातक सल्ला आमच्या इमारतीच्या सचिवांनी दिला. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, ते स्वतःसुद्धा.

“परीक्षार्थीनेच पेपर तपासायचा, ही कुठली पद्धत?” सर म्हणाले. “उद्या तुम्ही जिंकलात तरी कोण मानेल? जाहीर चाचणी घ्या. आपलं सभागृह आहे. नमुन्यांना फक्त क्रमांक द्यायचे, नाव नाही. श्रोत्यांनी गुण द्यायचे, तुम्ही दोघांनीही द्यायचे. नमुने मी जमवतो, ती जबाबदारी सरांची.”

माझ्यातल्या निरीक्षकाला हे एकदम पटलं. सर पुढे म्हणाले, “फक्त एक आहे. सभागृहात ध्वनिवर्धक लावायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते. साधा अर्ज असतो.”

साधा अर्ज हे शब्द मी आयुष्यात अनेकांना ऐकवले आहेत. ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

नगरपालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि परत केला. “परके शब्द चालत नाहीत. शुद्ध भाषेत लिहून आणा. प्रोग्रेसिव्ह नाही, रॉक नाही.”

मी बाकावर बसून लिहिलं: ‘पुरोगामी खडक संगीतातील वादकांच्या कसबाचे तुलनात्मक मापन.’ खाली बँडची नावंही भाषांतरित केली. एकाचं ‘होय’ आणि दुसऱ्याचं ‘गर्दी’.

बाईंनी ते दोनदा वाचलं. “पुरोगामी आहे. गर्दी होणार असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे याची एक प्रत पोलिसांकडे जाणार.”

“गर्दी होणार नाही हो. गर्दी हे नाव आहे.”

“होय म्हणून पण लिहिलंय तुम्ही वर.” त्यांनी शिक्का उचलला. “आणि खडक आहे, म्हणजे दुसरी प्रत खनिकर्म विभागाला.”

“बाई, तिथे खडक नाही! संगीत आहे!”

“ते खनिकर्मवाल्यांनी लिहून द्यायला पाहिजे. तुम्ही म्हणून कसं चालेल?”

मी स्वतः सव्वीस वर्षं दुकानदारांना हेच सांगत आलोय.

आठवड्याने खनिकर्म निरीक्षक पाहणीला आले. बुटांवर धूळ, हातात छोटा हातोडा, अत्यंत सज्जन माणूस. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती सहानुभूतीने ऐकली आणि म्हणाले, “तरी पण बघावं लागेल.” एका निरीक्षकाने दुसऱ्याला हे सांगितल्यावर दार उघडून देणंच येतं. त्यांनी सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत फरशीवर टकटक केली, सरांच्या टेबलाखाली वाकून बघितलं आणि दाखला लिहून दिला: ‘सदर सभागृहात खडक आढळून आला नाही.’

तो दाखला मी विजयी मुद्रेने खिडकीत सरकवला. बाईंनी तो अर्जाला टाचला आणि थांबल्या.

“यांच्या म्हणण्याप्रमाणे खडक नाही.”

“नाहीच.”

“आणि अर्ज खडकाच्या कार्यक्रमाचा आहे. मग परवानगी कशाची देऊ?”

मला वाटतं त्या क्षणी माझा तोल गेला. मी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहिलं, ‘खडक कार्यक्रमाच्या दिवशी बाहेरून आणण्यात येईल.’ आपण फार मार्मिक लिहिलं असं मला वाटलं. बाईंनी ते गंभीरपणे वाचलं, मान डोलावली आणि खनिज वाहतूक परवान्याचा नमुना माझ्यापुढे ठेवला. त्यात किती घनमीटर, असा रकाना होता. मी शून्य लिहिलं. शून्य घनमीटर खडक एका फेरीत आणण्याचा परवाना आजही माझ्या कपाटात आहे. तो पाच वर्षं चालतो.

आता फक्त एक सही उरली होती. अर्जाच्या शेवटी ‘स्पर्धा असल्यास प्रतिस्पर्ध्याची संमती’ अशी ओळ होती. म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढणं आलं.

मी गेलो. दवाखान्यात बाहेर बसणाऱ्या नव्या बाईंनी मला ओळखलं नाही. नाव लिहून घेतलं आणि कागद दाखवायच्या आत खुर्चीत नेऊन बसवलं. गळ्यात कागदी रुमाल बांधला. डॉक्टर आले, माझ्याकडे बघून क्षणभर थबकले, आणि मग सवयीने म्हणाले, “आ करा.”

माणसाला अशी खुर्ची आणि असा दिवा मिळाला की तो आ करतो. मीही केला.

“अरेरे,” डॉक्टर आत डोकावून म्हणाले. “खालच्या दाढेला मोठी कीड आहे. किती दिवस दुखतंय?”

दुखत नव्हतं. पण तोपर्यंत माझ्या तोंडात दोन बोळे, एक आरसा आणि पाणी ओढणारी नळी होती. पुढची पस्तीस मिनिटं डॉक्टरांनी माझ्या दाढेत भर घातली आणि ती घालता घालता आपल्या बँडच्या तिन्ही वादकांची थोरवी सविस्तर सांगितली. बास गिटार वाजवता वाजवता पायाने आणखी एक वाद्य वाजवणं म्हणजे काय, हे त्यांनी मला दाढेवर ठोकून समजावलं. माझ्याकडे निदान चार बिनतोड मुद्दे होते. मी ते सगळे मांडले. “आँ,” असं मांडले.

“तुम्हालाही तसंच वाटतं ना?” ते म्हणाले.

सही मात्र त्यांनी दिली. काम उत्तम झालं होतं, हे मान्य करायला हवं. घरी येऊन मी आरशात दाढ बघितली. भर अगदी सपाट, दातात दात बरोबर बसत होते. तक्त्यात अचूकतेचा रकाना होता, पण तो डॉक्टरांसाठी नव्हता.

चाचणी रविवारी सकाळी दहाला ठेवली. सरांनी नियम वाचून दाखवले. दोन्ही बँडच्या मैफिलींमधले, आम्ही दोघांनी कधीच न ऐकलेले, दोन-दोन मिनिटांचे एकट्या वाद्याचे तुकडे त्यांनी एका रेकॉर्डवाल्याकडून मागवले होते. नमुने सात. प्रत्येकाला दहापैकी गुण. शेरा सुवाच्य अक्षरात. यंत्र चालवायला सरांची सून बसली होती. ती बालवाडीत शिकवते. सभागृहातला ध्वनिवर्धक इतर कोणालाच सुरू करता आला नाही म्हणून तिला बोलावून घेतलं होतं.

सरांनी गर्दी होईल म्हणून साठ खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली चौदा. त्यात खनिकर्म निरीक्षक होते, आपण नाही म्हणून लिहून दिलेली वस्तू कशी असते ते बघायला. खिडकीतल्या बाई होत्या. पोलिसांनी बंदोबस्ताला एक हवालदार पाठवले होते, तेही पोलिसांच्या वाद्यपथकात तुतारीसारखं काहीतरी पितळी वाजवणारे, कारण अर्जात संगीत हा शब्द होता. डॉक्टर आणि मेहुणी पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला, मी आणि ही डाव्या टोकाला. मधे अकरा रिकाम्या खुर्च्या. दोघी बहिणी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मला गलबलून आलं.

श्रोत्यांचे कान तयार व्हावेत म्हणून आधी एक पूर्ण रचना वाजवली. अठरा मिनिटांची. ती तीनदा संपली असं समजून काकूंनी तीनदा टाळ्या वाजवल्या. चौथ्यांदा ती खरंच संपली तेव्हा कोणीच टाळी वाजवली नाही. मग नमुने सुरू झाले. मी डोळे मिटून ऐकत होतो. तिसऱ्या नमुन्याच्या वेळी दोघी बहिणी उठल्या आणि एक मागच्या, एक पुढच्या दाराने निघून गेल्या. बिचाऱ्यांना ताण सहन झाला नसेल, असं मी समजलो.

चौथा नमुना कीबोर्डचा होता. तो सुरू झाला आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. डावा हात पाचमध्ये, उजवा सातमध्ये, आणि दोघं शेवटी एकाच सुरावर असे येऊन टेकले, जसा खरा काटा शून्यावर टेकतो. मी दहापैकी दहा दिले. शेऱ्यात लिहिलं: ‘हा आपलाच. दैवी अचूकता.’

पेपर गोळा झाले. निकालाआधी सरांनी हवालदारांना तज्ज्ञ म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, टोपी सारखी केली.

“वाजवतात चांगलं,” ते म्हणाले. “पण बसून वाजवतात, नाहीतर एका जागी उभं राहून. आम्ही चालत वाजवतो. आता हे सात मोजतात. पहिल्या सातला डावा पाय पुढे. पुढच्या सातला उजवा. मग डावा. अख्खं पथक खड्ड्यात जाईल. चालून दाखवा म्हणावं, मग बघू.”

ते खाली बसले. खनिकर्म निरीक्षकांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

सरांनी निकाल वाचला. चौथ्या नमुन्याला सर्वाधिक गुण. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्याही तोंडावर विजयाचं हसू होतं. सर म्हणाले, “दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी यालाच दहापैकी दहा दिलेत. एकाचा शेरा: हा आपलाच, दैवी अचूकता. दुसऱ्याचा शेरा: शंकाच नको, आमचाच, असा हात शतकातून एकदा होतो.”

“मग कोणाचा?” आम्ही दोघं एकदम म्हणालो. तीन महिन्यांत आमचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य.

“कोणाचाच नाही,” सर चष्मा पुसत म्हणाले. “प्रत्येक प्रयोगात एक तुलनेचा नमुना ठेवावा लागतो. विज्ञान विषयाला सर तीस वर्षं ठेवत आलेत. हा आमच्या सुनेचा सराव आहे.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ती वायरी गुंडाळत होती.

“मी त्यात दोनदा चुकलेय,” ती म्हणाली. “बाबांना सांगितलं होतं, हा लावू नका.”

चुकीचा काटा सापडला की मी काय करतो ते वर सांगितलंच आहे. स्वतःचे कान जप्त करण्याची तरतूद नियमांत नाही, नाहीतर मी मागे हटलो नसतो. माणसं पांगली. खिडकीतल्या बाई जाताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी अर्जात सून लिहा. सुनेला परवानगी लागत नाही.”

साठ खुर्च्या मिटायला आम्ही दोघंच उरलो. वीसेक खुर्च्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “दाढ कशी आहे?”

“चांगली आहे.”

“दोनदा कुठे चुकली हो ती? मला तर कुठेच जाणवलं नाही.”

“मलाही नाही.”

आणखी वीस खुर्च्या झाल्या. पराभव एकट्याचा असला की टोचतो, दोघांचा असला की त्याची ऐसपैस बैठक होते. मी म्हणालो, “चला, आता बायकांना सांगू. किती दिवस भेटल्या नाहीत बिचाऱ्या. गेल्या कुठे पण?”

सरांच्या सुनेने यंत्राचं झाकण लावलं. “पोहायला. रविवारी साडेअकराची बॅच असते ना त्यांची. माझीही तीच, आज तुमच्यापायी बुडाली.”

आम्ही दोघं नगरपालिकेच्या तलावाकडे चालायला लागलो. माझी बायको पाण्याला घाबरते. नावेत बसली तर माझा दंड सोडत नाही. तीन महिने दर रविवारी मी यंत्राला कान लावून सूर मोजत होतो तेव्हा ती घरी होती की नव्हती, हे आठवायचा मी प्रयत्न केला. माझ्याकडे त्याची नोंद नव्हती. डॉक्टरांकडेही नव्हती.

तलावाच्या रखवालदाराने आम्हाला चपला काढायला लावल्या आणि दोरीच्या अलीकडे उभं केलं. मेहुणी पाण्यात होती, खोल बाजूला, पाय मारत स्थिर. ही उंच फळीच्या टोकावर उभी होती. निळी टोपी, गुडघ्यांपर्यंतचा पोशाख, आणि चेहऱ्यावर, मी चोवीस वर्षांत न पाहिलेली, कोणाचंच मत न विचारण्याची मुद्रा. मी हाक मारणार होतो. डॉक्टरांनी माझा दंड धरला. किंवा मी त्यांचा.

तिने उडी मारली. पाणी फार उडालं नाही. बऱ्याच वेळाने, निदान मला बराच वाटला, ती तलावाच्या मध्यावर वर आली आणि लांब लांब हात टाकत आमच्या काठाला लागली. मागून मेहुणीही आली.

“आलात?” ही धापा टाकत म्हणाली. “कोण जिंकलं?”

“सरांची सून.”

“हो? पोहतेही छानच ती.”

“आमचं मिटलं,” मी म्हणालो. मला वाटलं होतं, हे ऐकून निदान एकीचे तरी डोळे भरून येतील. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. शाळेत सुट्टी संपल्याची घंटा ऐकल्यावर मुली बघतात तसं.

“अगदी पूर्ण मिटलं?” मेहुणीने विचारलं.

“म्हणजे पुढच्या रविवारपासून जेवणं आली,” ही म्हणाली. मग टोपीखालचे केस आत सारत हळूच, “अहो, अबोला आणखी महिनाभर नाही का धरवणार? आम्हाला अजून उलटं पोहायला शिकायचंय.”

ती इतक्या वर्षांत माझ्याकडे क्वचितच काही मागते. मी काय उत्तर द्यावं या विचारात असतानाच डॉक्टरांनी घसा खाकरला. तलावावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “बाकी काही म्हणा, तुमच्या त्या बँडला ड्रमर मात्र यथातथाच मिळाला.”

मी क्षणाचाही विलंब न लावता दुखावलो. चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि मागे वळून न बघता फाटकाबाहेर पडलो. डॉक्टर दुसऱ्या फाटकाने गेले. पाण्यात दोघींनी एकदम हात मारल्याचा आवाज झाला.